पेन्शनचं बजेट: दोघांचं आणि एकट्याचं

देवगाव रंगारीसारख्या गावात शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे कर्मचारी निवृत्त होतात. फंडाची रक्कम हातात येते आणि महिन्याच्या खर्चाचा हिशोब मांडला जातो. पण तो हिशोब बहुधा दोघांचाच असतो. आज आपण दुसरा रकाना मांडू: दोघांपैकी एकच मागे राहिलं तर?

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्या गुरुजींचं उदाहरण घेऊ. समजा, पेन्शनचा भाग विकलेला नाही आणि महागाई वाढीसकट ३०,००० रुपये हातात येतात. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के असते. गुरुजींच्या माघारी बाईंना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षं जास्त दराने मिळू शकतं, पण पुढे ते ३० टक्क्यांवर येतं. म्हणजे ३०,००० चे १८,०००.

आता खर्च बघू. दोघांचा किराणा-दूध ९,०००, औषधं ४,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,०००. घरदुरुस्ती, आहेर, सणवार हे वर्षाचे खर्च बारांनी भागले की महिन्याला ७,०००. एकूण २३,०००, सात हजार शिल्लक. बाई एकट्या राहिल्या तर किराणा ५,५००, औषधं २,५००, वीज वगैरे २,५००. वर्षाचे खर्च मात्र तेच, ७,०००. त्यात सोबतीला, कामाला बाई ठेवली तर ४,०००. झाले २१,५००. माणूस अर्धं झालं, खर्च अर्धा झाला नाही. महिन्याला ३,५०० ची, वर्षाला ४२,००० ची तूट.

ही तूट आजच भरून ठेवता येते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज धरलं, तर सव्वापाच लाखांवर वर्षाला ४३,००० च्या आसपास मिळतात, दर तीन महिन्यांनी. पैसे भरताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. खातं पती-पत्नीच्या संयुक्त नावावर काढावं.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजची बीपी-शुगरची गोळी खिशातूनच घ्यावी लागते, म्हणून औषधांचा रकाना पुसू नका.

तेव्हा फंडातून मुलाचं घर किंवा नातीचं लग्न करण्याआधी हे सव्वापाच लाख बाजूला काढा. आणि वही दोघांनी मिळून लिहा. कारण दुसरा रकाना ज्याला जगायचा आहे, त्याला तो आधी वाचता आला पाहिजे.