कुंपणाआडचे आरोग्य-संशोधन : ऑस्ट्रेलियातील नीतिप्रश्नांचा मागोवा

बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींना सक्तीने स्थानबद्ध करण्याची तरतूद ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये केली. १९९४ पासून ती वैध व्हिसा नसलेल्या सर्वच परदेशी व्यक्तींना लागू झाली. स्थानबद्धतेला ठरावीक मुदत नव्हती. तिचे मनावर काय परिणाम होतात, हे तपासणे गरजेचे होते. पण तपासायचे कसे, हा पेच होता. संशोधनातील सहभाग स्वेच्छेचा हवा, हे न्यूरेम्बर्ग संहितेने १९४७ मध्येच सांगितले होते. सुटकेची आस लागलेल्या माणसाचा होकार कितपत स्वेच्छेचा मानायचा? नकार दिला तर आश्रयाच्या अर्जावर परिणाम होईल, ही धास्तीही असतेच.

या पेचातून पहिली वाट आतूनच निघाली. सिडनीच्या व्हिलावुड केंद्रात स्थानबद्ध असलेले इराकी डॉक्टर आमेर सुलतान यांनी मानसशास्त्रज्ञ केविन ओ'सलिव्हन यांच्यासह २००१ मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त निरीक्षणे मांडली. अर्ज फेटाळल्याच्या प्रत्येक टप्प्यावर नैराश्य कसे गडद होत जाते, हे त्यांत दिसले. निरीक्षक स्वतःच बंदिवान असल्याने विश्वासाची अडचण कमी झाली, तटस्थतेचा प्रश्न मात्र उभा राहिला.

पुढे झॅकरी स्टील, डेरिक सिलोव्ह आणि सहकाऱ्यांनी एका दुर्गम केंद्रातील १० कुटुंबांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १४ प्रौढ आणि २० मुले होती. त्यांचीच भाषा बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी फोनवरून मुलाखती घेतल्या. प्रत्येकात किमान एक मानसिक विकार आढळला. इतक्या लहान गटात नावे वगळली तरी ओळख लपवणे अवघड असते. त्याच वर्षी हॅरी मिनास यांनी स्थानबद्धांवरील संशोधनात लपवाछपवी कुठवर क्षम्य ठरते, या प्रश्नाची चर्चा केली. केंद्र चालवणाऱ्यांची परवानगी अनिवार्य मानली, तर ज्यांच्या कारभाराची तपासणी व्हायची त्यांच्याच हाती नकाराधिकार जातो. ती न घेता लपूनछपून संशोधन केले, तर सापडल्यास भोगावे लागते स्थानबद्धांना.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाबाहेरील नाउरू आणि मानुस या बेटांवरची स्थानबद्धता-केंद्रे पुन्हा सुरू झाल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. २०१५ च्या बॉर्डर फोर्स कायद्याने अंतर्गत माहिती परवानगीविना उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. डॉक्टरांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये आरोग्य-कर्मचाऱ्यांना त्यातून वगळले गेले. २०१८ मध्ये नाउरूतून बाहेर काढल्या गेलेल्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदत-संस्थेने आपल्या २०८ निर्वासित व आश्रयार्थी रुग्णांपैकी १२४ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार होते, असे जाहीर केले. उपचारासाठी केलेल्या नोंदी अशा रीतीने पुरावा ठरल्या. त्यामुळे उपचारासाठी दिलेली संमती प्रसिद्धीलाही लागू होते का, हा नवा मुद्दा पुढे आला.

या काळात काही किमान अटी स्पष्ट झाल्या : स्वभाषेतील समजावणी, नकाराची मोकळीक, आश्रयाच्या अर्जापासून पूर्ण फारकत आणि स्थानबद्ध करणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र नैतिकता समिती. दीर्घ स्थानबद्धतेची हानी वारंवार नोंदली गेल्याने आणखी एक अट त्यांत जोडावी लागते. त्याच यातना पुन्हा सांगायला लावण्याआधी, त्यातून सांगणाऱ्याचे काय भले होणार, हे संशोधकाने दाखवून द्यायला हवे.