वीस मिनिटे नळीकडे का बघत बसतात? साप चावल्यावर रक्त गोठतंय का, हे असं कळतं

निपाणी : पावसाळा लागला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या दवाखान्यांत साप चावलेले रुग्ण वाढतात. उसाच्या फडात, तंबाखूच्या वावरात, गवत कापताना, नाहीतर रात्री मोटार चालू करायला गेल्यावर पाय पडतो. थ्री फेज वीज रात्री आली तर पाणी रात्रीच पाजावे लागते, आणि घोणसही रात्रीच बाहेर पडते.

रुग्णाला जीपमधून आणले जाते, सोबत दहा माणसे. साप कुठला होता, असे विचारले की कुणी नाग म्हणतो, कुणी परड, कुणी अजगराचे पिल्लू. डॉक्टर तपासतात, सिस्टर शिरेतून थोडे रक्त काढून एका काचेच्या नळीत घालते, नळी स्टँडला उभी करते आणि घड्याळ बघते. मग नातेवाइकांचा पारा चढतो. "इंजेक्शन द्या की! नळीकडं काय बघत बसलाय?" अशा वेळी दवाखान्यात आरडाओरडा होतो, कधी प्रकरण हातघाईवर येते.

खरे तर त्या वीस मिनिटांत वॉर्डातली सगळ्यात कामाची तपासणी चाललेली असते. तिला ना वीज लागते, ना मशीन. एक कोरी काचेची नळी, २ मिली ताजे रक्त आणि घड्याळ, एवढाच सरंजाम.

घोणस आणि फुरसे या दोन सापांचे विष रक्तावर जाते. घोणशीच्या विषात असे घटक असतात की ते रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम पेटवून देतात. अंगभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात, आणि त्यात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन संपून जाते. हे प्रथिन म्हणजे गुठळीचा कच्चा माल. माल संपला की कारखाना बंद. मग रक्त पाण्यासारखे पातळ राहते. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहते. मेंदूत रक्तस्राव झाला किंवा किडनी बंद पडली तर माणूस हातचा जातो. विष रक्त गोठवते, म्हणूनच शेवटी रक्त गोठत नाही, हे उलटे वाटणारे कोडे एकदा ध्यानात आले की पुढची सगळी उपचारपद्धती समजते.

नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची. मग एकदाच तिरपी करायची. रक्त जेलीसारखे घट्ट बसले असेल तर गोठतेय. ओघळले तर गोठत नाही, म्हणजे विष रक्तात गेले आहे आणि सर्पविषरोधक लस, ज्याला दवाखान्यात एएसव्ही म्हणतात, ती सुरू करायची. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये नायजेरियातल्या फुरशाच्या जातीच्या सापाने चावलेल्या रुग्णांवर लिहिताना ही साधी पद्धत मांडली आणि पुढे ती जगभर गेली. त्याच्याही आधी, १९१३ मध्ये, अमेरिकेत ली आणि व्हाईट या दोन डॉक्टरांनी नळीत रक्त गोठायला किती मिनिटे लागतात ते मोजायची पद्धत बसवली होती. मूळ कल्पना तीच; वॉरेल यांनी ती खेड्यातल्या दवाखान्याला झेपेल इतकी सोपी केली.

रुग्णाच्या अंगातून उघड रक्त येत असेल, किंवा पापण्या मिटत असतील, श्वास अडत असेल, तर डॉक्टर नळीची वाट बघत नाहीत, एएसव्ही लगेच सुरू होते. पण नुसता दात लागलेला आहे आणि बाकी काही दिसत नाही, तेव्हा नळीच निकाल देते. कारण एएसव्ही हे काही टॉनिक नव्हे. घोड्याच्या रक्तापासून ते बनते, काही रुग्णांना त्याची जोराची रिअॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो. विष न सोडता नुसते चावणारे सापही असतात आणि बिनविषारीही असतात. त्या सगळ्यांना उगाच एएसव्ही द्यायचे नसते.

आता नळीविषयी, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. काचेचा पृष्ठभाग रक्ताला लागला की गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकवर ती नीट सुरू होत नाही. दुसरे, नळी नवी, कोरडी हवी. साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेल्या नळीत चांगल्या माणसाचे रक्तही गोठणार नाही, आणि साप न चावलेल्याला विष चढलेय असा निकाल लागेल. घरात भांडे जितके घासाल तितके चांगले. इथे नेमके उलटे. शंका असली तर सोबत आलेल्या धडधाकट माणसाचे रक्त त्याच पेटीतल्या दुसऱ्या नळीत घालून ठेवतात. त्याचेही गोठले नाही तर दोष नळीचा.

उलटी चूकही होते. रक्त थोडेसे गोठलेले असते, सिस्टरला घाई असते, "गोठलंय" असे लिहिले जाते. श्रीलंकेतल्या अभ्यासांत दिसले की रोजच्या धावपळीत केलेल्या या तपासणीत विष चढलेले बरेच रुग्ण सुटून गेले, आणि तीच तपासणी शिकवून, काटेकोरपणे केली तेव्हा चुका खूपच कमी झाल्या. म्हणजे दोष पद्धतीत कमी आणि हातात जास्त. म्हणूनच पहिली नळी गोठली तरी रुग्णाला घरी सोडत नाहीत. भारतातल्या उपचारपद्धतीप्रमाणे पहिले तीन तास दर तासाला आणि नंतर २४ तास दर सहा तासांनी ती पुन्हा करतात. विष हळूहळूही चढते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी डोक्यात ठेवावी. नळी गोठली म्हणजे विष नाही, असे नसते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. त्यांच्या रुग्णाचे रक्त व्यवस्थित गोठते. मण्यार झोपेत चावते, जखमही धड दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात. तिथे नळी काहीच सांगत नाही.

एएसव्ही सुरू झाल्यावर नातेवाइकांना पुन्हा प्रश्न पडतो : दहा बाटल्या गेल्या, मग आता सहा तास का थांबलाय? (पहिला डोस साधारण १० बाटल्यांचा, एकेक १० मिलीची. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष मूल बघून कमी घातलेले नसते.) उत्तर लिव्हरमध्ये आहे. एएसव्ही विषाला निकामी करते, पण संपलेले फायब्रिनोजेन परत आणत नाही. ते लिव्हरने नव्याने बनवायचे असते, आणि त्याला काही तास लागतात. लगेच नळी लावली तर ती ओघळणारच, आणि गरज नसताना आणखी बाटल्या जातील. सहा तासांनी लावलेली नळी खरे सांगते : गोठले तर विष आटोक्यात, नाही तर पुढचा डोस.

मोठ्या दवाखान्यांत, बेळगावला केएलई किंवा बिम्स, कोल्हापूरला सीपीआर, तिथे रुग्ण गेला की नळीबरोबर लॅबच्या तपासण्याही होतात. रिपोर्टवर पीटी, आयएनआर, एपीटीटी अशी अक्षरे येतात आणि घरचे ती इकडून तिकडे व्हॉट्सअॅपवर पाठवत बसतात. निळ्या टोपणाच्या बाटलीत सायट्रेट नावाचा पदार्थ आधीच असतो. तो रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रक्त वाटेत गोठत नाही. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. बाटली खुणेपर्यंत भरली नाही तर हे प्रमाण बिघडते आणि आकडा खोटा येतो. "थोडंच रक्त निघालं, चालंल" असे इथे चालत नाही. लॅबमध्ये त्यातला पातळ भाग वेगळा काढतात, त्यात कॅल्शियम आणि गोठण्याला चालना देणारा पदार्थ घालतात आणि सेकंद मोजतात. काही मशिन प्रकाश आरपार सोडून तो कधी धूसर होतो ते बघतात. काहींत लोखंडाची बारीक गोळी चुंबकाने हलत ठेवलेली असते. गुठळी झाली की गोळी अडते आणि घड्याळ थांबते.

ही पीटी तपासणी अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये बसवली. पण तिची एक अडचण बरीच वर्षे सतावत होती. चालना देणारा पदार्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे एकाच माणसाचे रक्त एका लॅबमध्ये २० सेकंद आणि दुसरीकडे २६ सेकंद. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही पद्धत आणली. हिशेब सोपा आहे. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, आणि आलेल्या आकड्याचा त्या रसायनाच्या निर्देशांकाइतका घात. समजा रुग्णाचे २४ आणि सरासरी १२, म्हणजे २. रसायनाचा निर्देशांक १ असेल तर आयएनआर २, निर्देशांक १.५ असेल तर तोच आकडा २.८३ होतो. म्हणजे कच्चे सेकंद हे वेगवेगळ्या देशांचे चलन आणि आयएनआर हा त्यांचा एका चलनात केलेला हिशेब. सीमाभागाला ही गोष्ट फार सोयीची आहे. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५. एकदा इकडे, एकदा तिकडे जाणे ठरलेलेच. दोन राज्यांतल्या दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून बघता यावेत, यासाठीच तर ही पद्धत काढलेली आहे.

त्याचा खरा उपयोग सापापेक्षा हृदयाच्या रुग्णांना रोज होतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन धातूची झडप बसवलेले बरेच लोक या भागात आहेत. त्यांना झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम जन्मभर घ्यावे लागते. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, पालक अचानक वाढवले किंवा एकदम बंद केले तरी आकडा हलतो. अशा रुग्णांसाठी आता बोटाला टोचून एका थेंबात आयएनआर दाखवणारी हातातली मशिन मिळतात.

ही हातातली मशिन साप चावलेल्याला मात्र लावू नयेत. यातल्या बऱ्याच मशिनना प्रत्यक्ष गुठळी दिसत नाही. गोठण्याच्या साखळीत थ्रॉम्बिन तयार झाले की त्याचे काम मोजून ती आकडा देतात. सापाच्या रुग्णात थ्रॉम्बिन असते, गुठळीचा कच्चा मालच नसतो. मशिन "ठीक आहे" म्हणते आणि नळीतले रक्त शेजारी ओघळत असते. महागडी वस्तू मागे आणि साधी काचेची नळी पुढे, अशी वेळ वैद्यकात क्वचितच येते.

विषाची दुसरी बाजूही लॅबमध्येच दिसते. पॅट्रिक रसेल या कंपनी सरकारच्या निसर्गतज्ज्ञाने १७९६ मध्ये भारतातल्या सापांवर ग्रंथ काढला. घोणशीचे इंग्रजी नाव त्याच्यावरूनच आले. १९३४ मध्ये लंडनच्या मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी याच घोणशीचे विष पाण्यात खूप पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरून बघितले. आजही गुठळ्या होण्याच्या एका आजाराच्या तपासणीत घोणशीचेच पातळ विष रसायन म्हणून वापरतात, आणि फुरशाच्या विषातला एक घटकही रक्त गोठण्याच्या दुसऱ्या तपासणीत लागतो.

खानापूर तालुक्यातल्या घाटाकडच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. पश्चिम घाटात नाकाचे टोक वर उचललेला एक छोटा चापडा आढळतो. त्याच्या दंशानेही काहींचे रक्त गोठायचे थांबते, पण भारतात मिळणारी एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषावर बनलेली आहे. त्याच्यावर ती चालत नाही. नळी ओघळते, बाटल्यांवर बाटल्या जातात आणि फरक पडत नाही, असे झाले तर डॉक्टरांना हा साप आठवायला हवा. म्हणून जमत असेल तर सापाचा लांबून मोबाईलवर फोटो काढावा. साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. त्यात आणखी एकजण चावून घेतो.

कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवण्याजोगा आजार ठरवला, म्हणजे दवाखान्यांनी रुग्ण आणि मृत्यू सरकारला कळवायचे. पुढच्याच महिन्यात केंद्राने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजाने देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

घरच्यांनी करायचे तेवढे थोडे आहे. घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचे नाही, मांत्रिकाकडे थांबायचे नाही. अंगठी, पैंजण, जोडवी काढायची, हात-पाय मोडलेल्याला जसा पट्टीने स्थिर करतात तसा करायचा आणि १०८ किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा. दुखतेय म्हणून अॅस्पिरिनची किंवा तसली गोळी द्यायची नाही, आणि रक्ताचा निकाल लागेपर्यंत वाटेतल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घ्यायचे नाही. रक्त गोठत नसेल तर तिथे आतल्या आत रक्त साचते.

तालुक्याच्या दवाखान्यातून बेळगावला किंवा कोल्हापूरला पाठवले तर चिठ्ठी मागून घ्यावी आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : साप किती वाजता चावला, नळी किती वाजता लावली आणि ती गोठली की ओघळली, एएसव्हीच्या किती बाटल्या किती वाजता गेल्या. पुढच्या डॉक्टरांचे सहा तास या वेळेपासून मोजले जातात.