निंबोळीतील रेणूचे सूत्र आणि चेन्नईची प्रयोगशाळा

निंबोळी अर्काची फवारणी केलेल्या पिकाकडे अनेक किडी पाठ फिरवतात, हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. या परिणामामागील प्रमुख घटक म्हणजे अझाडिरॅक्टिन. १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ व मॉर्गन यांनी टोळांचे खाणे थांबवणारा पदार्थ म्हणून तो प्रथम वेगळा केला. परंतु पदार्थ हाती आला तरी त्याच्या रेणूत कोणते अणू किती, हे ठरवावे लागते.

त्यासाठी प्रथम पदार्थातील मूलद्रव्यांची टक्केवारी काढली जाते. अझाडिरॅक्टिन ए मध्ये कार्बन ५८.३३, हायड्रोजन ६.१५ व ऑक्सिजन ३५.५२ टक्के असतो. प्रत्येक टक्केवारीला त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने, म्हणजे अनुक्रमे १२.०११, १.००८ व १५.९९९ ने भागले, की ४.८५६, ६.१०१ व २.२२० हे आकडे मिळतात. त्यांना सर्वांत लहान आकड्याने भागल्यास २.१९ : २.७५ : १ हे गुणोत्तर येते. पूर्णांक मिळवण्यासाठी १६ ने गुणले, की ३५ : ४४ : १६ हे प्रमाण हाती येते. हे झाले प्रायोगिक सूत्र, म्हणजे अणूंचे सर्वांत साधे प्रमाण.

रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या मात्र रेणुभार कळल्यावरच ठरते. बीएचसी या जुन्या कीटकनाशकाचे प्रायोगिक सूत्र प्रत्येकी एक कार्बन, हायड्रोजन व क्लोरीन असे आहे. त्याचा भार सुमारे ४८.५ भरतो. रेणुभार मात्र २९०.८, म्हणजे सहापट आहे. म्हणून रेणुसूत्रात प्रत्येक अणू सहा. अझाडिरॅक्टिनचा रेणुभार ७२०.७ असून तो ३५ : ४४ : १६ या प्रमाणाच्या भाराइतकाच आहे. येथे दोन्ही सूत्रे एकच ठरतात.

या गणिताची खरी कसोटी नमुन्याच्या शुद्धतेत असते. निंबोळीत अझाडिरॅक्टिन बी हे जवळचे भावंडही असते. त्याचे सूत्र कार्बन ३३, हायड्रोजन ४२ व ऑक्सिजन १४ असे आहे. दोन्ही समभार मिसळलेल्या नमुन्यात कार्बन ५९.०७, हायड्रोजन ६.२७ व ऑक्सिजन ३४.६६ टक्के येतो आणि त्यावरून ३४ : ४३ : १५ हे प्रमाण निघते. केवळ या तीन मूलद्रव्यांच्या स्थिर रेणूत हायड्रोजनची संख्या समच असते. म्हणून असे सूत्र असलेला रेणू संभवत नाही. आकडेमोड अचूक, उत्तर मात्र चुकीचे!

म्हणूनच चेन्नईतील स्पिक सायन्स फाउंडेशनचे काम मोलाचे ठरते. प्रेसिडेन्सी कॉलेजचे माजी प्राचार्य आणि मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे माजी संचालक डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांनी तेथे सहकाऱ्यांसह निंबोळीतील हे घटक उच्च दाब द्रव वर्णलेखनाने एकमेकांपासून वेगळे केले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने अझाडिरॅक्टिन एच व आय या दोन नव्या घटकांची नोंद केली.

सूत्र कळले तरी अणूंची मांडणी कळत नाही. बीएचसीच्या सर्व समघटकांचे रेणुसूत्र एकच असते, पण किडी मारण्याची शक्ती मुख्यतः गॅमा समघटकात असते. अझाडिरॅक्टिनची संपूर्ण रचना निश्चित होण्यास १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला आणि प्रयोगशाळेतील संपूर्ण संश्लेषण २००७ मध्ये साधले. कडुनिंबाचे झाड मात्र हे काम दरवर्षी उन्हाळ्यात निमूटपणे करते.

बाटलीवरील १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के अझाडिरॅक्टिन. तो आकडा विश्वासार्ह ठरतो, तो शुद्ध नमुन्याशी केलेल्या तुलनेमुळे.