१०० सीसीच्या बाइकवर रेवस ते रेडी: मदतनिधीच्या राइडआधी गाडी कशी तयार कराल?

एखाद्या चांगल्या कामासाठी बाइकवरून लांबचा प्रवास करायचा आणि त्यातून देणग्या जमवायच्या, ही कल्पना आता आपल्याकडेही रुजली आहे. पण त्यासाठी मोठी, महागडी बाइकच हवी का? नाही. घरची १०० सीसीची गाडीही पुरते. फक्त तयारी नीट हवी.

उदाहरणासाठी रेवस-रेडी सागरी मार्ग घेऊ. रायगडातल्या रेवसपासून वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीपर्यंतचं हे अंतर साधारण ५०० किलोमीटर आहे. वाटेत चढ-उतार, अरुंद वळणं आणि खाऱ्या वाऱ्याचा मारा आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते.

गाडीत काय तपासाल?

• टायर: रबरातल्या झिजेच्या खुणेपर्यंत नक्षी आली असेल तर टायर बदला. हवा टायर थंड असतानाच भरा. किती भरायची ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतं. सामान असेल तर मागच्या चाकाचं प्रमाण वेगळं असतं.

• ब्रेक: अशा बऱ्याच गाड्यांना ड्रम ब्रेक असतात. उतारावर ते सतत दाबून धरले तर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून गिअर खाली घ्या, इंजिनालाच वेग रोखू द्या. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं जिवावर बेतू शकतं.

• चेन: फार घट्टही नको, फार सैलही नको. खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. मुक्कामी गोड्या पाण्याने गाडी धुवा, चेन पुसून तिला वंगण लावा.

• ऑइल आणि एअर फिल्टर: छोटं, हवेवर थंड होणारं इंजिन दिवसभर चालणार असेल तर ऑइल ताजं हवं. लाल मातीच्या धुळीने फिल्टर चोंदला की चढावर गाडी दम टाकते.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि सामान लादून १०० किलोमीटरची चाचणी घ्या. काही सैल राहिलं असेल तर ते घराजवळच कळेल.

सोबत काय घ्याल?

क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, ट्यूब किंवा पंक्चर किट, बल्ब, फ्यूज आणि पाने. आयएसआय खुणेचं हेल्मेट हवंच. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर ठेवा.

पेट्रोलचं गणित

९.८ लिटरची टाकी आणि लिटरला ५० किलोमीटर धरले तर भरल्या टाकीत सुमारे ४९० किलोमीटर होतात. तरी टाकी अर्धी झाली की भरून घ्या. आडवाटेला पंप मिळेलच असं नाही. शेवटच्या फेरीबोटीची वेळही आधी विचारा, नाहीतर रात्र खाडीकाठी काढावी लागेल.

पैशांचं काय?

गाडी बंद पडली तर मेकॅनिक मिळतो, गेलेला विश्वास परत मिळत नाही. देणग्या स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या संस्थेच्या बँक खात्यातच त्या थेट जाऊ द्या. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला आयकर सवलत मिळत नाही, हेही सांगा. पेट्रोल आणि मुक्कामाचा खर्च स्वतःच्या खिशातून करा. देणगीतून करणार असाल तर ते आधीच जाहीर करा.

रेडीला पोहोचल्यावर फोटो टाकालच. त्यासोबत किती पैसे जमले आणि ते कुठे गेले, तेही टाका. पुढच्या वर्षी लोक मदत करतील की नाही, हे त्यावरच ठरेल.