घटस्थापनेला चढलेला भाव

सर्वपित्रीच्या संध्याकाळी काकांची वॅगनआर विकायला काढली. २०१५चं मॉडेल, कंपनीची सीएनजी, एमएच-१२ पासिंग, ४८ हजार किलोमीटर, पहिलेच मालक. जाहिरातीत आकडा टाकला ३ लाख १० हजार. दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबर २०२१ला, घट बसायच्या आधीच फोन सुरू झाले. दुपारपर्यंत माझ्या वहीत सव्वीस नंबर होते. संध्याकाळी मी आकडा ३ लाख ४५ हजार केला.

टाकलेला भाव असा चढला की घेणाऱ्याला विकणाऱ्याची हाव दिसते. मलाही दिसायची. पण विकणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर कळलं, की पहिला आकडा हा निव्वळ अंदाज असतो. आम्ही तशाच दहा-बारा गाड्यांच्या जाहिराती पाहून मधला आकडा धरला होता. त्या सगळ्या पितृपक्षातल्या! त्या पंधरवड्यात आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी घेत नाहीत, आणि घट बसले की दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून धावपळ होते. शिवाय जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. गाडी खरोखर कितीला गेली, हे देणारा, घेणारा आणि मधला एजंट यांनाच ठाऊक.

त्यात ते वर्षच वेगळं होतं. जगभर चिपचा तुटवडा होता. सप्टेंबरमध्ये हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असं मारुतीनेच जाहीर केलं होतं. नव्या गाडीला वेटिंग, पेट्रोल शंभरीपार, आणि करोनामुळे बसमध्ये चढायला घाबरणारी कुटुंबं. आमच्या दारातल्या सहा वर्षांच्या सीएनजी गाडीला एवढी मागणी असेल, हे आम्हाला फोन येईपर्यंत उमगलं नव्हतं.

पहिले फोन बहुतेक एजंटांचे. दिवसभर जाहिरातींवर नजर ठेवणं हा त्यांचा धंदाच आहे. "साहेब, कागद क्लिअर आहेत ना? आत्ता टोकन टाकतो, जाहिरात काढा." गाडी कुणी पाहिलेलीही नव्हती. गॅरेजवाला मित्र म्हणाला, "बघायच्या आधी टोकन येतंय, म्हणजे तुमचा आकडा चुकला. हा घेईल आणि आठवड्यात स्वतःचं मार्जिन लावून विकेल."

उरलेल्यांचा पहिला प्रश्न एकच: "फायनल किती?" आकडा कमी असो की जास्त, तो तोडल्याशिवाय घेणाऱ्याचं समाधान होत नाही. म्हणून विकणारा तोडायला जागा ठेवतो. पहिल्यांदा ठेवली नसेल, तर नंतर ठेवतो.

खर्चही मागाहून आठवतात. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट नेमकी आली होती. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता; तो उतरवायला बँकेची एनओसी, फॉर्म ३५ आणि आरटीओच्या खेपा. यातलं काहीच पहिल्या आकड्यात धरलं नव्हतं.

जाहिरात बदलली आणि मग वहीतल्या एका नंबरापाशी अडलो. सासवडचे एक शिक्षक रविवारी गाडी बघायला येणार होते. सकाळी बोलणं झालं तेव्हा भाव ३ लाख १० हजार होता, आणि मी "या" म्हटलं होतं. मला आठवलं, काही वर्षांपूर्वी मी स्वतः गाडी घ्यायला साताऱ्यापर्यंत गेलो होतो आणि फाटकातच मालकाने पंचवीस हजार वाढवले होते. परतीच्या वाटेवर मी आणि बायको एक शब्द बोललो नव्हतो.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "जाहिरात कितीदाही बदल. त्यांना 'या' म्हटलंयस ना? मग त्यांच्यासाठी भाव तोच."

रविवारी शिक्षक मुलाला घेऊन आले. त्यांनी दाराची रबराची बीडिंग ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले. अपघातात पिलर बदलला असेल, तर ते इथे कळतं. मग मुलगा टायरपाशी उकिडवा बसला आणि चार आकडे मोठ्याने वाचले: २२१५. म्हणजे २०१५चा बाविसावा आठवडा. टायर गाडीबरोबर आलेलेच होते, बदलायला झाले होते.

"टायरचे दहा हजार कमी करा," शिक्षक म्हणाले. मागणी रास्त होती. काकांनी मान डोलावली.

३ लाखांना गाडी गेली. वाढलेला आकडा बघून फोन करणारे त्या दिवशीही चौघे होते. त्यांच्यासाठी ३ लाख ४५ हजार हाच भाव खरा होता, आणि तो मागण्यात मला आजही काही गैर वाटत नाही. पण सासवडहून निघालेल्या माणसासाठी गाडीचा भाव त्याने घर सोडलं तेव्हाच ठरला होता.