क्लिपलेस पेडलांची निवड

सायकलीच्या पेडलावर पाऊल अडकवून ठेवणारी जुनी पिंजऱ्यासारखी क्लिप गेली, म्हणून नव्या पेडलांस ‘क्लिपलेस’ म्हणतात. बुटाच्या तळव्यास बसविलेली पट्टी मात्र त्यांत स्प्रिंगनें अधिकच घट्ट धरली जाते! टांच बाहेर वळविली कीं पाऊल सुटतें. म्हणून निवडतांना आम्ही वेगापेक्षां सुटकेकडे प्रथम पाहतों.

‘लुक’ ह्या फ्रेंच कंपनीनें १९८४ सालीं असें पेडल विक्रीस आणलें. १९८५ सालीं बर्नार हिनो ह्यानें तें वापरून ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. ह्याची तीन स्क्रूंची रुंद पट्टी तळव्याबाहेर येते. शर्यतींत ती उत्तम. जिन्यावर मात्र पाय घसरतो. शिमानो ह्या जपानी कंपनीच्या १९९० च्या एस.पी.डी. पद्धतींत दोन स्क्रूंची लहान पट्टी तळव्यांत दडते, चालतां येतें, आणि पेडल बहुधा दोन्ही बाजूंनीं पाऊल धरतें.

लहान मुलांस साधें पेडलच बरें. चौकाचौकांत पाय टेकावा लागणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यास आम्ही एस.पी.डी. सुचवूं. तींतही अनेक दिशांनीं सुटणारी पट्टी घ्यावी, स्प्रिंग स्क्रूनें सैल करावी, आणि रस्त्यावर जाण्यापूर्वीं भिंतीस धरून दोन्ही पाय सोडण्याचा सराव पालकांनीं समक्ष करवावा.