ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेकमध्ये काय बदलायचं?

साहित्य मंडळाच्या अंकात ब्रेक ऑइलवर लेख बघून काहींच्या भुवया उंचावतील. पण आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्विफ्ट आणि पोलो बघितल्या की कळतं, हा विषय आपल्यापासून फार लांब नाही. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आपलीच गाडी घ्यायची, पैसे भरायचे आणि बंद सर्किटवर ठरावीक वेळ मनसोक्त चालवायची. कोइंबतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही आपल्या देशातली ओळखीची ठिकाणं. तिथं जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला खर्च होतो सायलेन्सरच्या आवाजावर. ब्रेकची आठवण येते ती पेडल खाली गेल्यावर, आणि तोपर्यंत वळण समोर आलेलं असतं.

म्हणून सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. गाडी थांबवतं कोण? ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवत असेल, तर तुमच्या ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मग मोठी डिस्क बसवून त्या एका ब्रेकचं अंतर कमी होणार नाही. ट्रॅकवरचा प्रश्न ताकदीचा नसून उष्णतेचा आहे. पहिला ब्रेक सगळ्याच गाड्यांचा छान लागतो. विसावा लागतो का, हे बघायचं.

थोडं गणित करू. माणसासकट १००० किलोची गाडी ताशी १४० वरून ६० किलोमीटरवर आणली, तर सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण तेवढीच उष्णता लागते. इथं ती तीनेक सेकंदांत तयार होते. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढं येतो, त्यामुळं यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकवर पडतो. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी ५ किलोच्या धरल्या, तर एका ब्रेकमध्ये त्यांचं तापमान ९० अंशांच्या आसपास चढतं. त्या निवायच्या आत पुढचं वळण येतं. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ७० वरून थांबण्यापेक्षा १४० वरून थांबायला चौपट उष्णता जिरवावी लागते. रोजच्या रस्त्यावर हे ध्यानात येत नाही, कारण दोन ब्रेकच्या मध्ये डिस्कला वारा खायला वेळ मिळतो. चोर्ला घाट उतरताना कुणी सारखा ब्रेकवर पाय ठेवला की जो जळका वास येतो, ती याच गोष्टीची झलक.

ब्रेक तापून निकामी व्हायला लागतो, ते दोन प्रकारे. यातला फरक पायाला कळला पाहिजे. पहिल्या प्रकारात पेडल नेहमीसारखं घट्ट असतं, पण गाडी थांबत नाही. इथं पॅड हरलेले असतात. पॅडमधला मसाला बांधून ठेवणारं रेझिन जास्त तापलं की जळायला लागतं, वायू सोडतं आणि घर्षण कमी होतं. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ होतं, स्पंजसारखं दबतं आणि शेवटी जमिनीला टेकतं. इथं ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुमचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो फारशी सूचना न देता येतो.

त्यामुळं पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा. नेहमीचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश असावा लागतो, आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. खास रेसिंगसाठी बनवलेली काही ऑइल नवी असताना ३०० अंशांच्याही वर टिकतात, पण ती वारंवार बदलावी लागतात. आपल्याकडं चार महिने पावसाळी दमट हवा. गाडीत तीन वर्षांचं ऑइल असेल, तर ट्रॅकवर जायचा विचार ते बदलल्याशिवाय करूच नये. बदलताना चारही चाकांची हवा नीट काढून घ्यायची. एक खबरदारी अशी, की नावात साम्य असलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे. ते इतरांत मिसळायचं नाही.

दुसरा खर्च पॅडवर. जास्त तापमान सोसणारे पॅड मिळतात, पण तिथंही अती नको. अस्सल रेसिंग पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी कॉलेजला निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला ते दगा देऊ शकतात. रोजचा रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक यासाठी मधल्या दर्जाचे पॅड बरे. नवे पॅड लगेच तापवायचे नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत, गाडी पूर्ण न थांबवता, बरेचदा ब्रेक मारायचे आणि मग निवेपर्यंत सावकाश चालवायचं. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसला पाहिजे. तो कमीजास्त बसला की स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली.

मग स्टीलची जाळी असलेले ब्रेक पाइप. रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो, स्टीलच्या जाळीतला कमी फुगतो, म्हणून पेडल जास्त घट्ट लागतं. पण त्यानं उष्णता कमी होत नाही. त्यापेक्षा डिस्ककडं वारा नेणारी नळी जास्त कामाची.

मोठ्या डिस्क आणि कॅलिपर सगळ्यात शेवटी. डिस्क बहुतेक बिडाची असते. आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओततात तसंच हे बीड. जास्त बीड म्हणजे उष्णता साठवायला जास्त जागा, हा मोठ्या डिस्कचा खरा फायदा. पण फक्त पुढचे ब्रेक वाढवले की पुढच्या-मागच्या चाकांमधला तोल बदलतो, चाकाचं वजन वाढतं, आणि जुनी रिम बसेलच असं नाही. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण सतत तापून-निवून त्या भोकांपासूनच चिरा सुरू होतात. ट्रॅकसाठी साधी, आतून हवा खेळणारी डिस्क पुरते.

राहिली चालवायची पद्धत, तिला पैसे लागत नाहीत. सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ मारा. हलका पाय ठेवून घासत राहिलात तर उष्णता निघून जायला वेळच मिळत नाही. काही फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नका. पेडल जरा जरी मऊ वाटलं, तर त्याच फेरीत बाहेर या.

घरी कळवायची एक गोष्ट. गाडीच्या विमा पॉलिसीत बहुधा शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. पॉलिसी आधी वाचा, कारण गाडी बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असते. आणि ट्रॅकवरून निघण्याआधी पॅडची जाडी, ऑइलची पातळी आणि पेडल पुन्हा तपासा. सर्किटवर वळण चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते. परतीच्या हायवेवर तुमच्या पुढं दुसऱ्याची गाडी असते, आणि तिच्यात माणसं बसलेली असतात.